महागाई उतरली म्हणतात, मग किराणा-भाजीचा खर्च का उतरत नाही?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर २०२५ चा महागाईचा दर फक्त ०.२५ टक्के आलाय आणि खाण्यापिण्याच्या वस्तूंचा तर उणे ५.०२, असं बातम्यांत ऐकलं. म्हणजे गेल्या वर्षीच्या मानाने अन्न स्वस्त झालं. मी घरखर्च वहीत लिहिते, लग्न झाल्यापासूनची सवय आहे. भाजीचं पान काढून बघितलं तर खरंच गेल्या दिवाळीपेक्षा कमी आहे, कांदा, बटाटा, टोमॅटो सगळंच. पण महिनाअखेर किराणा, भाजी, दूध अशी एकत्र बेरीज केली की आकडा जवळपास तिथेच येतो. मग उतरलं ते गेलं कुठे?

दोन गोष्टी विचारायच्यात. भाव चढले की तुमच्या घरात सगळ्यात आधी काय कमी होतं? आणि भाव उतरल्यावर ते परत येतं का?

आमचं सांगते. २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या पुढे गेला तेव्हा आम्ही टोमॅटो बंद नाही केला, पाव किलो का होईना येतच होता, बंद झाली ती फळं. डाळिंब, सफरचंद, चिकू सगळं. पुढे दोन महिन्यांत टोमॅटो इतका पडला की शेतकरी रस्त्यावर ओतायला लागले, पण आमच्याकडे फळं काही पहिल्यासारखी परत आली नाहीत. आता केळी येतात, आणि उपवास असला तर अजून काहीतरी. हे फक्त आमच्याच घरी झालंय का?

सिडकोकर

आमच्याकडे पहिली जाते रविवारची मिसळ. चौघं गेलो, वर जिलबी आणि ताक घेतलं की पाचशेची नोट पुरत नाही. आणि हो, परत येते ती. नाशिककर मिसळ कायमची सोडेल हे शक्य नाही 😀

जुनं नाशिक

ताई, भाजी कुठून घेता त्यावर सगळं आहे. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जा, पिशवीभर भाजी घ्या, आणि तीच भाजी कॉलेज रोडच्या एसी दुकानात किंवा मोबाईलवरून मागवून बघा. आमच्या पिढीने रविवार कारंजा ते गंगाघाट पायी जाऊन भाजी आणली. हल्लीच्या मुलांना कोथिंबिरीची जुडी पण दहा मिनिटांत दारात पाहिजे, मग खर्च उतरणार कसा.

मायेचा डबा

@जुनं नाशिक काका, बाजारात मी पण जाते, रोज जाते, कारण माझा डब्यांचाच धंदा आहे इंदिरानगरला. भाजी हा डब्याच्या खर्चातला एकच भाग आहे हो. तेल, डाळ, गॅस, कणीक, मसाला आणि हाताखालच्या मावशींचा पगार, हे सगळं मिळून डबा होतो. सध्या भाजी स्वस्त आहे, तूर डाळ पण गेल्या वर्षीपेक्षा बरीच खाली आलीय, मान्य. पण तेल? शेंगदाणा असो, सोयाबीन असो, सूर्यफूल असो, डबा उघडला की जीव वर येतो. आणि पिशवीवरचं वजन वाचत जा सगळ्यांनी. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आता ८००, ८५० ग्रॅमच्या पिशव्या पण मिळतात, दिसायला तेवढ्याच. किंमत बघून स्वस्त वाटते, घरी आणलं की चार दिवस आधी संपते.

माझं मुख्य दुखणं वेगळंच आहे. भाव आठवड्याला बदलतो, डब्याचा दर मी वर्षातून एकदा बदलू शकते. पोरं शिकायला आलेली, घरून ठरलेले पैसे येतात. त्यामुळे भाजी भडकली की मेनूच बदलायचा. टोमॅटोच्या त्या दिवसांत मी महिनाभर आमटीला आमसूल आणि चिंच घातली. फ्लॉवर-मटार बंद, पिठलं, मटकीची उसळ, झुणका, कढी. मुलं तक्रार करत नाहीत पण पिठलं तिसऱ्यांदा आलं की डबा अर्धा परत येतो, तेव्हा बरं नाही वाटत.

आकडेमोड

गोदाकाठची ताई, प्रश्न एकदम बरोबर आहे आणि बातमी पण खोटी नाही, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. बघा कसं.

महागाईचा दर उणे आला म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या मानाने भाव खाली आले, एवढंच. आता गेल्या वर्षी ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नाची महागाई किती होती? १०.८७ टक्के. म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये जे सामान १०० रुपयांत येत होतं ते २०२४ मध्ये ११० रुपये ८७ पैशांना झालं. त्यावर यंदा ५.०२ टक्के उतरलं, म्हणजे १०५ रुपये ३० पैशांच्या आसपास. दोन वर्षांपूर्वीपेक्षा अजून पाच रुपये जास्तच की. आपल्या डोक्यात मात्र जुनाच भाव बसलेला असतो.

दुसरं, उतरलंय ते मुख्यतः भाज्या आणि डाळींमुळे. तेल आणि फळं याच काळात वर गेलीत. म्हणून मायेचा डबा यांचं तेल आणि तुमची फळं, दोन्ही तक्रारी आकडेवारीत पण दिसतात. ज्या घरात तळण जास्त, फळं जास्त, त्यांना या उणे पाचचा काही उपयोग नाही.

तिसरं, कोणाच्या खिशातून किती जातं. २०२३-२४ च्या सरकारी कुटुंब खर्च पाहणीत शहरात दरडोई महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला आणि ग्रामीण भागात ४,१२२. त्यातला अन्नावर शहरात ३९.६८ टक्के, गावात ४७.०४ टक्के. चौघांचं शहरी घर धरलं तर अन्नाचेच महिन्याला अकरा हजारांच्या वर होतात. आणि ही सरासरी झाली. कमाई जितकी कमी तितका अन्नाचा वाटा मोठा, हे एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडलंय. त्यामुळे भाव दहा टक्के वाढले की गंगापूर रोडच्या बंगल्यात फार तर बाहेरचं एक जेवण कमी होतं, आणि ज्याच्या घरी निम्मी कमाई पोटातच जाते त्याला औषध किंवा फी यातलं काहीतरी मागे टाकावं लागतं.

तूर्तास

त्याच पाहणीत हे पण आहे ना की शहरात अन्नाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा चहा-कॉफी, फरसाण, बिस्किटं, वेफर्स आणि बाहेरच्या तयार जेवणाचा आहे? धान्यावरचा खर्च तर कुठल्या कुठे खाली गेलाय. मग महागाईच्या नावाने ओरडण्याआधी आपण काय खातो ते बघायला नको का. पोह्यांवर शेव पाहिजे, शेव पण ब्रँडेड पाहिजे.

सिडकोकर

शेवेवर बोलायचं काम नाही.

सेकंड शिफ्ट

@तूर्तास दादा, तुमचं तुमच्या ठिकाणी बरोबर असेल. पण बाहेरचं जेवण सगळे हौसेनेच खातात असं नाही. मी अंबडला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. रूमवर आम्ही तिघं, शिफ्ट वेगवेगळ्या. सेकंड शिफ्ट सुटून रूमवर येईपर्यंत रात्रीचे साडेबारा होतात, तेव्हा कोण भाकरी थापणार. वडापाव नाहीतर भुर्जी-पाव, तो खर्च तुमच्या पाहणीत बाहेरचं जेवण म्हणूनच लिहिला जाणार.

आणि आम्ही महिन्याचा किराणा भरत नाही. पगार झाला की रूमचं भाडं, घरी पैसे, आणि दुकानदाराची मागची उधारी. मग उरलेल्यात रोजचं आणायचं. दहा रुपयांचं तिखट, पाव किलो साखर, तेलाची सगळ्यात छोटी पिशवी. सुटं घेतलं की किलोमागे महाग पडतं हे आम्हाला कळतं, पण पाच किलोचा डबा घ्यायला पैसे एकदम लागतात ते कुठून आणायचे. भाजी मी रात्री बाजार उठताना घेतो, तेव्हा ढीग लावतात, वीस रुपयाला जे असेल ते. निवडून घ्यायची सोय नसते.

ताईंनी विचारलं भाव उतरले की पैसे जातात कुठे. माझे उधारीत जातात. टोमॅटो-कांदा महाग असतो तेव्हा उधारी चढते, स्वस्त झाला की तीच फिटते. माझ्या हातात शिल्लक म्हणून कधी काही राहिलं नाही. आणि आधी काय कमी होतं म्हणाल तर अंडी. आधी अंडी, मग दूध. चहा कोरा पण चालतो.

गोदाकाठची

दादा, उधारीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वहीत मी फक्त त्या महिन्याची खरेदी लिहिते, मागची थकबाकी ज्यांना फेडायची असते त्यांचा हिशोबच वेगळा होणार. रेशन मिळतं का तुम्हाला?

सेकंड शिफ्ट

गावाकडच्या कार्डावर नाव आहे, केशरी कार्ड. धान्य बसत नाही त्याच्यावर.

आकडेमोड

इथे एक मोठी फट आहे त्यावर कोणी बोलत नाही. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय असेल तर घराला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते पूर्ण फुकट आहे. ज्यांना मिळतं त्यांना फार मोठा आधार आहे, त्यात वाद नाही. पण महाराष्ट्रात यात बसायला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये. भागिले बारा करा. शहरात महिन्याला पाच हजाराच्या आत! अंबड-सातपूरला राबणारा कोणताही माणूस या रेषेच्या वरच जाणार, आणि त्याच्या घरात दोन लहान मुलं आणि म्हातारी आई असली तरी त्याला गहू-तांदूळ बाजारभावानेच घ्यावा लागणार. ही मर्यादा वाढवा ही मागणी नाशिकसारख्या कामगारांच्या शहरातून सगळ्यात जोरात यायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

भाजीची पिशवी

+१. आणि रेशनमध्ये डाळ-तेल नियमित का नाही? २०२२ च्या दिवाळीत आनंदाचा शिधा आला होता, शंभर रुपयात रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. सणाला गोड झालं, पण डाळ तर रोज लागते.

कांदाचाळ

राम राम. निफाड तालुक्यातून लिहितोय. सगळे प्रतिसाद वाचले, कोणाबद्दल राग नाही, पण एक बाजू राहिली म्हणून लांबलचक लिहितो.

तुमच्या घरी कांदा स्वस्त झाला की थोडे पैसे वाचतात. माझ्या घरी कांदा स्वस्त झाला की तेल कमी होतं. आम्ही पण किराणा विकतच आणतो ना. तूर नाही पिकत आमच्याकडे, तेल नाही, साखर नाही, मुलांच्या वह्या नाही. कांद्याचे पैसे आले की लासलगावहून येतानाच बाजार करून यायचा, नाही आले तर दुकानदाराला सांगायचं पुढच्या गाडीला देतो. सेकंड शिफ्ट भाऊ, उधारीची वही आमच्या पण नावाची आहे.

यंदाचं सांगतो. उन्हाळ कांदा एप्रिलात काढला, चाळीत म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये भरला, भाव येईल म्हणून धरून ठेवला. पावसाळ्यात दमटपणाने सड लागली, आणि जो चांगला राहिला त्याचं पण वजन घटतं. चार-पाच महिन्यांत भरलेल्या मालातला तिसरा हिस्सा गेला समजा. चाळीसमोर बायामाणसं बसून सडका निवडून काढतात, हात आठवडाभर वास सोडत नाही, ती मजुरी वेगळी. मग ट्रॅक्टर घेऊन मार्केटला गेलं तर क्विंटलला हजार-बाराशे, गोल्टीला, म्हणजे बारक्या कांद्याला, त्याच्याही निम्मं. त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं. शेजाऱ्याची तर उलटी पट्टी आली, माल विकून वरून भाडं स्वतःच्या खिशातून दिलं.

आणि भाव येतो तेव्हा काय होतं ते पण ऐका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद, ऐन लाल कांदा निघत असताना, काही दिवसांत भाव निम्म्यावर. मे २०२४ मध्ये उघडली, पण शुल्क आणि किमान दराच्या अटीसकट. सप्टेंबरात शुल्क २० वर आलं आणि पूर्ण काढलं ते १ एप्रिल २०२५ ला. तोवर बाहेरचं गिऱ्हाईक दुसऱ्या देशांकडे वळलेलं होतं. शहरातल्या माणसाला कांदा परवडला पाहिजे हे मला पटतं, माझी बहीण मुंबईला चाळीत राहते, तिलाही घ्यायचाच असतो. पण भाव चढला की सरकार रातोरात जागं होतं, आणि पडला की महिनोन् महिने कोणी विचारत नाही, हे मला पटत नाही. २०२३ ला कांदा पडला तेव्हा क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं होतं, २०० क्विंटलपर्यंत. त्याने खर्च निघत नाही.

मायेचा डबा

दादा, तुमचं वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. मी तुमचाच कांदा घेते म्हणायला हरकत नाही, पण मी पंचवटीत किलोला जे देते त्यातलं तुम्हाला किती मिळतं?

आकडेमोड

यावर रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांचा २०२४ चा अभ्यास आहे. ग्राहकाने दिलेल्या एका रुपयातले शेतकऱ्याला कांद्यात साधारण ३६ पैसे, टोमॅटोत ३३ आणि बटाट्यात ३७.

जुनं नाशिक

म्हणजे चौसष्ट पैसे मध्ये. व्यापाऱ्यांनीच लुटलंय सगळं, हे मी पहिल्यापासून सांगतो.

पेठ रोड

काका, सगळे चौसष्ट पैसे एकाच्या खिशात जात नाहीत. माझे सासरे किरकोळ भाजी विकतात म्हणून माहिती आहे. पहाटे मार्केटला जाऊन क्रेट घ्यायचं, रिक्षाने आणायचं, त्यात दोन-तीन किलो दबलेलं निघतं, दुपारपर्यंत पालेभाजी मान टाकते ती फेकायची, जागेची पावती फाडायची. आणि शेवटी गिऱ्हाईक मेथी घेतल्यावर कोथिंबीर फुकट मागतं. पावसानंतर कोथिंबिरीच्या जुडीचा भाव काय होतो ते बघितलंय ना, तरी मागतं!

सिडकोकर

कोथिंबीर फुकट मागणं हा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो माझी आई मिळवणारच.

पेठ रोड

तुमच्या आईंना सांगा, कढीपत्ता मिळेल. 😀

पंचवटी एक्सप्रेस

मूळ प्रश्नाकडे येते. मी बचत गटांबरोबर काम करते, वस्तीतल्या बायकांशी रोज बोलणं होतं. आधी काय कमी होतं याचं उत्तर मला त्यांच्याकडून कायम एकच मिळालंय, पण सरळ विचारलं तर ते येत नाही. सरळ विचारलं तर म्हणतात काही नाही ताई, सगळं चालू आहे. काल रात्री कोणी काय खाल्लं असं एकेकाचं विचारलं की कळतं. नवऱ्याला कामावर जायचं म्हणून डाळ-भाजी-पोळी, पोरांना वरणभात, सासूबाईंना दूध-पोळी, आणि हिने स्वतः? चटणी-पोळी, नाहीतर उरलेलं. म्हणजे घरात वस्तू कमी व्हायच्या आधी एका माणसाचं ताट कमी होतं. वरणात पाणी वाढतं ते सगळ्यांना दिसतं, हे कोणाला दिसत नाही. गरोदर बाई असली तरी हेच.

आणि परत येतं का? लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले तेव्हा आमच्या गटातल्या बऱ्याच जणींनी पहिल्यांदा काय केलं तर किराणा दुकानाची उधारी फेडली, सेकंड शिफ्ट दादा म्हणाले तसंच. त्यानंतर पोरांसाठी काहीतरी. स्वतःच्या खाण्यासाठी म्हणून कोणी एकीनेही सांगितलं नाही. त्यामुळे माझं मत असं, की नुसते भाव उतरून ताट आपोआप भरत नाही, घरात बसून कोणाच्या ताटात काय पडतंय हे बोलावं लागतं.

तूर्तास

हे वाचून मी वरचं जे शेवेचं लिहिलं ते या घरांना लागू होत नाही, मान्य. ज्यांना परवडतं त्यांच्याबद्दलच होतं ते. आमच्या घरी आम्ही एक केलंय, महिन्याच्या सुरुवातीलाच फळं, अंडी आणि दूध यांचे पैसे वेगळ्या पाकिटात काढतो, भाडं काढतो तसंच. मग भाजी महागली तर त्या पाकिटाला हात लावायचा नाही, महागलेली भाजीच कमी करायची किंवा दुसरी घ्यायची. टोमॅटो नसला तरी पोराच्या वाढीला काही होत नाही, अंडं नसलं तर होतं.

गोदाकाठची

@तूर्तास हे आवडलं, पाकीट करणार. आणि पंचवटी एक्सप्रेस ताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला, त्या म्हणाल्या आमच्या वेळी याला संसार म्हणायचे. मी म्हटलं आपल्याकडे आजपासून सगळे एकदम बसायचं आणि शेवटची पोळी वाटून खायची.

आकडेमोड दादांचं गणित वहीत उतरवून ठेवलं. ऑक्टोबर २०२३ चं पान काढून ताडून पाहिलं, आमचं तेल आणि दूध मिळूनच भाजीतली बचत खातंय. आता एक कामाचं विचारते. कांदाचाळ दादा, आमच्या सोसायटीतली काही घरं मिळून थेट तुमच्याकडून कांदा घेतला तर चालेल का? तुम्हाला मार्केटपेक्षा बरा भाव, आम्हाला दुकानापेक्षा कमी.

कांदाचाळ

चालेल की ताई. मात्र आता उन्हाळ कांदा शेवटाला आलाय, चाळीतला निवडून देईन पण तो लवकर संपवा, गोणीत बांधून ठेवू नका, जमिनीवर पसरून वारा लागू द्या. पन्नास किलोची गोणी दोन-तीन घरांत वाटून घ्या. लाल कांदा निघाला की तो टिकत नाही, तेव्हा थोडाथोडाच घ्यायचा. वर्षाचा साठा करायचा असेल तर एप्रिल-मे मध्ये परत बोला. भाव त्या दिवशीच्या लासलगावच्या सरासरीच्या वर किलोला चार रुपये द्या, गाडीभाडं निघेल.

मायेचा डबा

मला पण दोन गोण्या. गोल्टी असली तरी चालेल, उसळीला आणि ठेच्याला तीच बरी पडते. व्यनि (खाजगी निरोप) करते.

सेकंड शिफ्ट

आमच्या रूमला गोणी नाही जमणार, जागाच नाही. पण सिडकोत कोणी घेत असेल तर दहा किलो आम्हाला काढून देता येईल का? पैसे पगार झाला की देतो, सात तारखेला.

सिडकोकर

मी घेतोय एक गोणी, त्यातले दहा तुमचे. सात तारखेचं सात तारखेला बघू. रविवारी सकाळी पवननगरला या, पिशवी घेऊन या फक्त.